गोटीबंद पाणी

किस्से काही कोणी जमवत नाही. सोड्याच्या कारखान्यात पाच-सहा उन्हाळे मशीनचं चाक फिरवलं की ते आपोआप साचतात आणि गप्पांना चार माणसं मिळाली की एकेक फुटायला लागतो.

आमचा कारखाना मालेगावच्या बाजारात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, मशीन, मालक शेषरावभाऊ आणि मी! बाटल्या काचेच्या गोटीच्या. आतला गॅस गोटीला वर दाबून धरायचा. गॅस गेला की गोटी खाली. शेषरावभाऊ पाणी आधी खळाखळा उकळायचे, तिपदरी कपड्यातून गाळायचे आणि गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचे, "गोटी वर हाये ना? मंग पानी खरं."

*

एकदा एक शेतकरी बाटली रिचवून तिथेच उभा राहिला. म्हणे ढेकर आला नाही, माल खराब आहे, दुसरी द्या.

शेषरावभाऊंनी त्याला बाकावर बसवलं आणि त्याच्या व्याह्याची चौकशी सुरू केली. गडी तावातावाने व्याह्याची उणीदुणी काढू लागला आणि मधेच त्याने असा ढेकर दिला की समोरचा शिंपी दचकला.

"आता हा कोनाचा?" शेषरावभाऊंनी विचारलं.

*

एक म्हातारी आली. नवरा आजारी, डॉक्टरांनी चांगलं पाणी द्यायला सांगितलेलं. तिला सोडा हवा होता, पण बिनगॅसचा. म्हाताऱ्याला गॅस सोसत नव्हता.

शेषरावभाऊंनी तिच्या लोट्यात उकळलेलं पाणी फुकट ओतून दिलं. तिने ते तिथेच दारातल्या तुळशीला घातलं.

"उघडं पानी तं घरी बी हाये," म्हणाली. "मले गोटीवालंच द्या. वारा मी काढतो घरी."

चार बाटल्या नेल्या, फोडून तासभर ठेवल्या, मग पाजल्या. म्हातारा उठून बसला, आणि आमच्या पाण्याची कीर्ती तिने गावभर केली!

*

एक नवे साहेब तपासणीला आले. बाटली उजेडात धरली, हुंगली, तपासायला पिशवीत घातली आणि मोटारीत बसले. रस्ता खड्ड्यांचा, ऊन कडक. बाटली पिशवीतच फुटली आणि साहेब भिजून परत आले.

शेषरावभाऊंनी टॉवेल दिला. "सायेब, पानी दमदार हाये. लिहून घ्या."

*

त्याच उन्हाळ्यात आमची विहीर आटली. मग कोसभरावरच्या खेड्यातून बैलगाडीवर पिपं भरून पाणी आणू लागलो. खेड्याचं नाव सांगत नाही, सोयरिकीचा मामला आहे. विहीर गणपतराव नावाच्या शेतकऱ्याची, पाणी गोड. त्यांची मुलगी सुमन लहानपणापासून तेच पाणी शेंदत आलेली. पिपं भरताना ती शेषरावभाऊंना बजावायची, "काका, लय उकळू नका जी. गोडी जाते."

मे महिन्यात सुमनचं लग्न निघालं. वऱ्हाड रिठदकडून आलं आणि गावाच्या शिवेवरच गाड्या थांबल्या. गावात हगवण लागल्याचं कोणीतरी वाटेत सांगितलं होतं. खरं तर दोघा-तिघांना आंबे बाधले होते! पण नवऱ्याचा बाप ऐकेना.

"या गावचं पानी आमी पेनार नाई," त्याने निरोप धाडला. "दुसरं आना, नाई तं वऱ्हाड वापस."

गणपतराव धावत कारखान्यात आले. बोलता बोलता रडायच्या बेतात होते. शेषरावभाऊ मला म्हणाले, खोकी गाडीत भर.

मी हळूच म्हटलं, "भाऊ, पन हे पानी तं यायच्याच विहिरी..."

"उकळलं ना? गाळलं ना? मंग चाल."

शिवेवर गोट्या फटाफट वाजल्या आणि गाड्या शिवेच्या आत आल्या. लग्न वेळेवर लागलं. जेवणावर नवऱ्याच्या बापाने चार बाटल्या रिचवल्या आणि गणपतरावांना सुनावलं, "याले म्हनते पानी! तुमच्या गावात असं कुठून येनार?"

गणपतराव मान खाली घालून वरण वाढत राहिले.

संध्याकाळी पाठवणी झाली. रडून रडून सुमनच्या घशाला कोरड पडली होती. सासऱ्याला दया आली. त्याने स्वतः एक बाटली फोडली आणि गाडीत तिच्यापुढे धरली.

"घे पोरी. हे चांगलं पानी हाये."

तिने दोन घोट घेतले, बाटलीकडे पाहिलं, मग विहिरीकडे, आणि पुन्हा डोळ्यांना धारा लागल्या.

सासरा घाबरला. "काय झालं व? गॅस नाकात गेला काय?"

सुमनने पदराने डोळे पुसले.

"हो जी," ती म्हणाली, आणि बाटली संपवली.