जुन्या शाखेचा नंबर

दुकानात सगळे तिला भिंगताईच म्हणायचे. मालक म्हणायचे, गिऱ्हाइकं म्हणायची, समोरचा घड्याळवालासुद्धा म्हणायचा. तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी बसून, ती सव्वीस वर्षं काचा घासत आली होती. चाकावर पाण्याची बारीक धार सुरू असायची, काच गोल फिरायची, पांढरा गाळ खालच्या भांड्यात साचायचा, आणि बाई आपली भलतीकडेच. मधूनच काच उजेडाला धरायची. मग समोरचा रस्ता कधी उलटा व्हायचा, कधी लांब जाऊन इवलासा व्हायचा, आणि त्या इवल्या रस्त्यावरून इवली माणसं चाललेली ती बघत राहायची. मालक दारातून ओरडायचे, "भिंगताई, परत या!" की यायची. पण काचेत चूक? नाव काढू नका.

एका गोष्टीवरून मात्र तिच्या नाकावर राग असायचा. कुणी जुनी चिठ्ठी आणून "ह्याच नंबरचा करून द्या" म्हणालं, की झालं. "अहो, चार वर्षांपूर्वीचा नंबर म्हणजे चार वर्षांपूर्वीचे डोळे. ते आहेत का आता तुमच्याकडे? आधी तपासून या!" आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी फाडून टोपलीत. मालकांनी ह्या बाबतीत केव्हाच हात टेकले होते. खरा नंबर तो, जो आजचा. ह्यावर तिचं पोट चालत होतं, त्यामुळे तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा.

आता तिच्या धाकट्या भावाचं ऐका. तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, शिलाई मशिनं दुरुस्त करणारा, दिवसभराच्या प्रवासावरच्या गावात राहणारा. आई गेली तेव्हा त्याला पोचायला दोन दिवस उशीर झाला होता, आणि भिंगताईनं चार लोकांसमोर विचारलं होतं, "आता कशाला आलास?" त्यानं पिशवी खालीही ठेवली नव्हती, तशीच घेऊन परत गेला. त्याला सात वर्षं झाली. ह्या सात वर्षांत तिनं ते वाक्य किती वेळा परत घेतलं असेल, पण मनातल्या मनात; आणि मनातल्या मनात घेतलेलं समोरच्याला कसं कळणार?

आणि एका रविवारी फोन टिणटिणला, धाकट्याचा निरोप. "ताई, एक गाळा मिळतोय. अनामत थोडी कमी पडतेय. शुक्रवारी पाचपर्यंत भरली नाही तर दुसऱ्याला जाईल. जमेल का? खातं तेच आहे."

ओल्या हातांनी तिनं ते चारदा वाचलं. गाळा राहिला बाजूला, ती अडकली पहिल्या शब्दावर. ताई! सात वर्षांनी पोरगं काहीतरी मागतंय, आणि ताई म्हणून मागतंय. तिला इतका आनंद झाला की नळ चालूच राहिला.

कपाटातून जुनी वही निघाली. वहीत तिच्याच अक्षरात धाकट्याचा खाते क्रमांक होता, आणि खाली नऊ आकडी नंबर, ज्याला बँकेतले लोक राउटिंग नंबर म्हणतात. पैशानं कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत जायचं, ते तो सांगतो. हा नंबर त्यांच्या लहानपणच्या गावातल्या शाखेचा. आता तिथं त्यांचं कोण उरलंय? धाकटा तर ते गाव सोडून किती लांब गेलेला. तिचा हात सवयीनं चालला. जुन्या नंबरावर दोन रेघा ओढल्या, फोनवर त्या बँकेची यादी उघडली, धाकट्याच्या आत्ताच्या गावातली शाखा शोधली. तीसुद्धा त्याच्याच रस्त्यावरची निघाली! नऊच्या नऊ आकडे तिनं दोनदा ताडून पाहिले. सोमवारी सकाळी पैसे पाठवले, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, "पाठवले."

सोमवार-मंगळवार बाई जमिनीवर नव्हतीच. काचेतून रस्ता बघताना तिला वाटायचं, पैसे आता निघाले असतील, एखाद्या पुलावर असतील, त्या गावात शिरून धाकट्याचं दार विचारत असतील. दार कसलं असेल? निळं असेल का? त्याला लहानपणी निळ्याशिवाय काही चालायचं नाही. आतून मशीनचा आवाज येत असेल, आणि तो तेलाचे हात पुसत बाहेर येत असेल. मालकांनी तीनदा हाका मारल्या. चौथ्यांदा ते आत आले आणि म्हणाले, "बाई, काच संपली, आता बोट घासाल!"

बुधवारी धाकट्याचा निरोप आला. "आले नाहीत."

"पाठवलेत रे. येतील."

"बरं."

नुसतं बरं. ज्यांना भावंडं आहेत त्यांना त्या 'बरं'चा अर्थ सांगायला नको. त्याला वाटणार, हिनं पाठवलेच नाहीत आणि वर खोटं बोलतेय. एकदा सगळ्यांसमोर झिडकारलं, आता मागितल्यावर टोलवतेय. असं झालं तर तो पुन्हा काही मागणार नाही, कधीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो तिच्याच आईचा मुलगा होता.

गुरुवारी दुपारी पैसे परत तिच्याच खात्यात येऊन पडले. ती डबा तसाच टाकून बँकेत धावली. खिडकीवर एक तरुण मुलगी होती, आणि तिचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

"मावशी, हे खातं ह्या शाखेत नाहीच," पडद्यावर बघून मुलगी म्हणाली.

"नाही कसं? तो राहतो तिथंच!"

"माणूस राहतो हो. खातं जिथं उघडलं, तिथलंच राहतं. आपण दहा घरं बदलली तरी राउटिंग नंबर काही बदलत नाही, मुद्दाम अर्ज करून खातं हलवलं तरच."

"मग माझ्याकडे जुना आहे वहीत."

"तोही नका घालू. मधे शाखा बंद होतात, एकमेकींत मिसळतात. अंदाजाचं काम नाही हे. त्यांनाच फोन करा, आणि चेकच्या तळाशी छापलेला नंबर वाचून दाखवायला सांगा. साडेतीनच्या आत दिलात तर उद्या सकाळी जमा."

भिंगताई खिडकीशी वाकली. मग म्हणाली, "तो चष्मा आण इकडे." काडी दोन बोटांनी जराशी वाकवून परत दिली. मुलीनं घातला, मान हलवून पाहिली, घसरला नाही. हात कामात होते तेवढ्यात बाईनं धीर गोळा केला होता.

फोन करायचा म्हणजे बोलायचं. सात वर्षांनी, आणि तेही बँकेच्या बाकावर बसून.

"ताई, नव्हते तर नाही म्हणायचं," धाकट्याचा आवाज जाड झाला होता, मामासारखा. "मला राग नसता आला."

"अरे, मी मूर्ख आहे. नंबर चुकीचा घातला. चेकबुक काढ आधी, आणि खालचा नंबर वाच. मग काय बोलायचं ते बोल."

तिकडे खण उघडल्याचा आवाज आला. त्यानं एकेक आकडा वाचला, तिनं हातावर लिहून घेतला. तीन वाजून वीस मिनिटांनी मुलीनं शिक्का मारला.

शुक्रवारी साडेदहाला त्याचा फोन आला. "आले गं. आत्ता भरून आलो. किल्ली हातात आहे."

भिंगताईचा जीव भांड्यात पडला. चाक बंद करून ती खिडकीपाशी गेली. काल रात्रीच तिनं हातावरचे आकडे वहीशी ताडून पाहिले होते, आणि दोन रेघांच्या खाली तेच नऊ आकडे होते. तेव्हापासून एक गोष्ट तिला टोचत होती.

"एक विचारू? ती बँक तुझ्या रस्त्यावरच आहे. मग खातं अजून तिकडेच कशाला ठेवलंस?"

"दोनदा अर्ज आणला होता. भरला नाही."

"का रे?"

"तुझ्याकडे तोच नंबर होता ना. मी बदलला असता, आणि तू कधी चुकून काही पाठवलं असतंस, तर ते परत गेलं असतं. मला कळलंसुद्धा नसतं."

बाहेर लोक चालले होते, अगदी आपापल्या उंचीचे, आणि तिला ते नीट दिसत नव्हते.

"मी खोडला रे तो," ती शेवटी म्हणाली. "रविवारीच. तू मागितलेस, आणि मी पहिल्यांदा तोच खोडला."

पलीकडे किल्ल्या वाजल्या, आणि एक शटर वर गेलं.

"असू दे गं," धाकटा म्हणाला. "तू येतेस कधी, ते सांग."