आश्वासन त्यांचं, सही मामाची

माझा मामा पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, "येथे गाडी लावू नये"च्या. आमच्या टेकडीवरची अख्खी वस्ती त्याला मामाच म्हणते, म्हणून पाटीच्या उजव्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत "मामा पेंटर" लिहितो. मजकूर संपला की त्याचा हात आपोआप कोपऱ्याकडे जातो. तसं कुणाला सांगावं लागत नाही, आणि दुर्दैवाने कुणी थांबवतही नाही.

मागच्या निवडणुकीत एका पक्षाने त्याला टेकडीच्या पायथ्याची, बसथांब्यामागची लांबलचक भिंत रंगवायला दिली. मजकूर एवढाच: "टेकडीची बस बंद होणार नाही." ती बंद होणार अशी कुजबुज होती आणि लोक धास्तावले होते, कारण वर ना बाजार, ना शाळा, ना डॉक्टर. मामाने जीव ओतून अक्षरं काढली. निळी, पांढऱ्या काठाची, पुलावरूनही वाचता येतील अशी. आणि शेवटी सवयीने कोपऱ्यात सही ठोकली. पक्षाच्या आश्वासनाखाली या शहाण्याने स्वतःचं नाव घातलं.

तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पक्ष निवडून आला, पालिकेत त्यांची सत्ता आली, आणि वर्ष उलटायच्या आत बस बंद झाली. कारण म्हणे तोटा. मग आमचं हसू आटलं. चढ चढायच्या आधी प्रत्येक जण त्या भिंतीपाशी दम खायला थांबायचा आणि समोर मामाचं नाव दिसायचं. पक्षवाले कुठे भेटणार? मामा रोज भेटायचा. न्हाव्याने एकदा चारचौघांत विचारलं, मामा, आज बस किती वाजता? मामाही सगळ्यांबरोबर हसला, पण घरी येऊन जेवला नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते इस्त्रीवाल्या मावशींचं बोलणं. त्या खालच्या सोसायट्यांमधून कपड्यांची गाठोडी आणतात, वर घरी इस्त्री करतात आणि परत पोचवतात. बस होती तेव्हा गाठोडं मांडीवर असायचं, आता डोक्यावर आलं. एके दिवशी ते भिंतीपाशी उतरवून त्या मामाला शांतपणे म्हणाल्या, "मी त्यांना ओळखत नव्हते. तुमचं नाव बघून मत दिलं."

त्या दिवसापासून त्या मामाशी बोलेनाशा झाल्या. तो समोरून आला की रस्ता ओलांडायच्या, तेही डोक्यावर ओझं घेऊन. ज्या माणसाला गल्लीतली पोरंटोरंही हाक मारत, त्याला एका बाईचं न बोलणं आतून पोखरत होतं.

मामी व्यवहारी. तिने सांगितलं, एक ब्रश मारा, नाव पुसा आणि मोकळे व्हा. दुखरे गुडघे धरून तीही तोच चढ चढत होती, तेव्हा बोलायचा तिला पूर्ण हक्क होता. मामा एवढंच म्हणाला, "ज्यांनी मोडलं ते लपून बसलेत. मीही लपलो, तर विचारायचं कुणाला?" उलट अक्षरं फिकी पडली की तो स्वतःच्या पदरचा रंग घालून ती गडद करून यायचा. लोक म्हणाले, पेंटरचं डोकं फिरलं.

पुन्हा निवडणूक लागली. पक्षाचा कार्यकर्ता चुन्याची बादली घेऊन घरी आला. भिंत पांढरी करा, नवा मजकूर देतो, म्हणाला. मामाने त्याला चहा पाजला आणि बादली त्याच्याच हाती परत दिली. मग त्यांनी बाहेरून माणूस आणला. त्याने भिंतीला शिडी लावली मात्र, न्हावी अर्धी दाढी तशीच टाकून धावत आला आणि शिडीसमोर उभा राहिला. मागून शिंपी आला, भाजीवाली आली, साबणाने माखलेलं गिऱ्हाईकही आलं. त्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली आणि शिडी खांद्यावर टाकून तो निघून गेला. मामा हे सगळं समोरून बघत होता. इतके दिवस त्याला वाटत होतं, टेकडी आपल्यावर रुसली आहे. ती तर भिंत राखत होती.

शेवटी साहेब स्वतः आले, मागच्या वेळी इथूनच निवडून आलेले. हात जोडले, चूक झाली म्हणाले, आणि फोटोवाल्याकडे बघून ब्रश मागितला. मामाच्या नावाखाली तेही सही करणार होते. सगळे मामाकडे बघू लागले. मावशीही गाठोडं टेकवून उभ्या होत्या.

मामाने ब्रश पाठीमागे धरला. "सही नको, साहेब. सहीवर एकदा फसलोय आम्ही. आधी बस वर आणा, मग मतं मागायला या. तोवर टेकडीवर एक दार उघडणार नाही."

साहेबांना ते खरं वाटलं नाही. घामाघूम होत ते पायी वर गेले. आतून रेडिओ ऐकू येत होते, भांडी वाजत होती, कुणी खोकत होतं, पण कड्या काही निघाल्या नाहीत. आमच्या टेकडीची इतकी एकी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, छाती फुगली माझी.

मतदानाच्या आधीच बस आली. धुतलेली, चकचकीत, पुढच्या दारात साहेब. थांब्यावर टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. कुणीतरी शंका काढली, मतदान झाल्यावर पुन्हा बंद केली तर? शिंपी म्हणाला, दारंही आपली आहेत आणि कड्याही. साहेब मामाजवळ येऊन हळूच म्हणाले, आता मत आम्हालाच ना? मामाने अगदी नम्रपणे सांगितलं, "आता तुमचं ऐकून घेऊ."

बस खच्चून भरली. मामी खिडकीपाशी जाऊन राणीसारखी बसली, मामा मात्र दांडा धरून उभा. इस्त्रीवाल्या मावशींनी शेजारच्या जागेवरचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं, जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "या मामा. इथे जागा आहे."

मामा त्यांच्या शेजारी बसला. डोळे पुसत होता आणि हसतही होता, आणि मावशी इतक्या दिवसांचं साठलेलं त्याला चढभर बोलत होत्या.