टोमॅटो उपटणाऱ्या खाला

खाला फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड उपटून टाकायच्या. स्वतःचंच नाही, दुसऱ्याचंसुद्धा. फेब्रुवारी संपत आला की एका शनिवारी सकाळी त्या सगळ्यांच्या वाफ्यांमधून फेरी मारायच्या, पानं उलटी करून बघायच्या आणि ज्याच्या पानामागे पांढऱ्या माशीची कीड दिसेल ते झाड बुंध्याशी धरून एका हिसक्यात बाहेर काढायच्या. माझं पहिल्या वर्षीचं झाड त्यांनी असंच काढलं, तेव्हा त्यावर ओंजळी भरतील एवढे हिरवे टोमॅटो होते. मी रडकुंडीला आले. त्या मुळांची वाळू झटकत म्हणाल्या, "हिरव्यांची चटणी कर. झाड दमलंय गो. अजून किती दिवस उभं ठेवशील त्याला?"

हे वाफे दुबईच्या बाहेर, जिथे वस्ती संपून वाळू सुरू होते तिथे आहेत. एका अरबी शेतमालकानं आपल्या शेताचा तुकडा लहान लहान वाफ्यांत पाडून आमच्यासारख्या नोकरदारांना भाड्यानं दिलाय. मधोमध सगळ्यांना मिळून एक ग्रीनहाऊस. मी डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. पत्त्यात बाग आहे, पण आमच्या बाल्कनीत कपड्यांचा स्टँड उघडला की माणूस मावत नाही. नवरा शेखर अबू धाबीच्याही पलीकडे, रुवैसला रिफायनरीत. आठवडाभर तिकडे कंपनीच्या क्वार्टरमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी घरी, रविवारी दुपारी परत. मुलगी नववीत. मी एका ऑफिसच्या एचआरमध्ये इतकी वर्षं आहे, की माझ्यानंतर आलेले तिघे मॅनेजर होऊन गेले. त्या वर्षी मला सतत थकवा असायचा. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा घराबाहेर पडा, मातीत हात घाला. म्हणून मी वाफा घेतला, आणि शेजारच्या वाफ्यात खाला भेटल्या. खाला म्हणजे मावशी; सगळे त्यांना तेच म्हणायचे.

खाला श्रीवर्धनजवळच्या एका गावच्या. नवरा गेल्यावर मुलगा नदीम त्यांना अल बर्शाला आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. सातवा मजला. तो आणि सून दोघंही कामावर. आई दिवसभर खिडकीशी बसून मेट्रो मोजते हे लक्षात आल्यावर त्यानं तिच्यासाठी वाफा घेतला. तिला तिथे पोचवायला मात्र त्याला वेळ नसायचा, म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांना गाडीत घ्यायची. खाला खालीच उभ्या असायच्या, हातात डबा, डोक्यावर ओढणी घट्ट, पायात नदीमचे जुने बूट.

गावाकडे वसंत म्हणजे झाडांना पालवी. इथे तो मोसमाचा शेवट असतो. ऑक्टोबरात लावलेलं सगळं मार्च येईपर्यंत थकतं आणि उन्हाळा येण्याआधी जेमतेम एक पीक निघेल एवढा वेळ उरतो. खालांचा क्रम ठरलेला होता. आधी जुनी झाडं काढायची. मग ठिबकच्या पायपांची टोकं उघडून आत साचलेलं मीठ धुऊन काढायचं. मग ग्रीनहाऊसमध्ये ट्रे भरायचे: भेंडी, काकडी, दोडका, चवळी. भेंडीचं बी त्या आदल्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून आणायच्या. ग्रीनहाऊसच्या एका भिंतीला मधाच्या पोळ्यासारखे पुठ्ठ्याचे जाड पॅड होते, त्यांवरून पाणी ओघळायचं आणि समोरचे पंखे गार हवा आत ओढायचे. त्या पॅडवर क्षारांचा पांढरा थर बसला की पंखे नुसते फिरतात, आत रोपं शिजतात. तो थर मऊ ब्रशनं काढायचं काम खाला कुणाला देत नसत. "जोरात घासलं की पुठ्ठा फाटतो. तुम्हा लोकांना सगळं जोरात करायची सवय."

अरबी भाषेतले दोनच शब्द त्यांना आले होते आणि ते त्या फक्त झाडांशी बोलायच्या. उगवायला वेळ लावणाऱ्या दोडक्याला "यल्ला, यल्ला" आणि उपटलेल्या टोमॅटोला "खलास". माझी मुलगी एकदा आली होती. तिला त्यांनी दोन दुधी दिले. "थँक यू, बट वी डोन्ट रिअली ईट दिस," ती म्हणाली. खालांनी मला विचारलं, "काय बोलली?" मी म्हटलं, "आवडले म्हणाली." खाला हसल्या. "मला तेवढं इंग्लिश कळतं."

वाळूतली शेती त्यांना इतकी नेमकी कशी येते, हे मी दुसऱ्या वर्षी विचारलं. कोकणातल्या बाईला ठिबक आणि पॅड कुठून ठाऊक असणार?

"नदीमच्या अब्बांनी शिकवलं," त्या म्हणाल्या. "फोनवर."

त्यांचे यजमान हसनमियाँ अठ्ठावीस वर्षं रुवैसलाच प्लांटवर होते. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी. एरवी दर शुक्रवारी संध्याकाळी फोन. त्या वेळी सुट्टी शुक्रवारची असायची. ते म्हणायचे, आज माझ्या बागेत काकडी लावली, आज पाइप धुतले, आज टोमॅटो काढून टाकले. इकडे श्रीवर्धनला पाऊस कोसळत असायचा आणि खाला दारात उभं राहून रुवैसच्या बागेत कुठल्या वाफ्यात काय आहे ते ऐकायच्या. "मला बरं वाटायचं गो. सहा दिवस साहेबाचं काम, पण एक दिवस माणूस स्वतःच्या मनासारखं करतोय. मी डोळ्यांसमोर आणायची, खुर्ची टाकून बसलेत, बाजूला पुदिना, हातात चहा."

निवृत्त होऊन ते गावी आले आणि वर्षाच्या आत गेले. त्या वर्षभरात त्यांनी परसात एक मिरचीही लावली नाही. ओट्यावर बसून राहायचे. खालांना त्याचा राग यायचा आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला होता. हे सांगताना त्या ट्रेमधल्या मातीला बोटानं खळगे पाडत होत्या, एका ओळीत, एकसारखे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रुवैसला शटडाऊन लागला, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम. शेखर सलग दोन शनिवार-रविवार येऊ शकणार नव्हता. मी ठरवलं, आपणच जाऊन भेटून येऊ. खालांना सांगितलं, या शनिवारी गाडी नाही.

त्या म्हणाल्या, "मला घेऊन चल. त्यांची बाग कुठे होती ते बघायचंय."

त्यांच्याकडे हसनमियाँची जुनी फोनची वही होती. त्यात त्यांच्या खोलीत राहणाऱ्या हमीदभाईंचं नाव होतं. शेखरनं तिकडे चौकशी केली. हमीदभाई अजून रुवैसलाच होते, प्लांट सोडून एका नातेवाइकाच्या किराणा दुकानात बसत होते.

सव्वातीन तासांचा रस्ता. खालांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी आणली होती. मांडीवर एक पुरचुंडी होती, त्यात भेंडी आणि चवळीचं बी. बागेत आता जो कोणी असेल त्याला द्यायला. अबू धाबी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं, वाळू आणि विजेचे मनोरे. त्या एकदाच बोलल्या. "एवढं लांब होते."

हमीदभाई दुकानाच्या दारात वाट बघत होते. पांढरी दाढी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी खालांना आत खुर्ची दिली, लबान म्हणजे ताक मागवलं, हसनमियाँच्या आठवणी काढल्या. खालांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांची बाग लांब आहे का इथून?"

"बाग? कुठली बाग, भाभी?"

"भाजीची. शुक्रवारी जायचे ती."

हमीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "ती त्यांची नव्हती, भाभी. एका अरबाचं शेत होतं. शुक्रवारी पहाटे पिकअप न्यायला यायची. मधे नमाजची सुट्टी, मग परत मगरिबपर्यंत, दिवस बुडेपर्यंत काम. प्लांटवर सहा दिवस आणि सातव्या दिवशी तिथे. मी किती वेळा बोललो, हसन, एक दिवस तरी झोप. बोलायचे, नदीमचं इंजिनिअरिंग होऊ दे."

"किती वर्षं?"

"सोळा-सतरा वर्षं तरी."

"उन्हाळ्यातपण?"

"उन्हाळ्यात ग्रीनहाऊस धुवायचं काम असायचं. ईदला तेवढी सुट्टी."

खालांनी लबानचा ग्लास तसाच खाली ठेवला. हमीदभाई म्हणाले, ते शेत अजून आहे, दाखवतो. त्या म्हणाल्या, "नको. आता नको."

तिथून आम्ही प्लांटच्या फाटकाशी गेलो आणि शेखर वीस मिनिटांसाठी बाहेर आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यानं खालांना वाकून नमस्कार केला. मी त्याला डबा दिला. त्यानं विचारलं, घरी सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक. तुझं? ठीक. फोनवर बोलतो तेच आम्ही समोरासमोर बोललो आणि तो गेला.

परतीच्या रस्त्यावर बराच वेळ खाला खिडकीबाहेर बघत होत्या. बियांची पुरचुंडी अजून हातातच होती. मग एकदम म्हणाल्या, "गावी आल्यावर मी त्यांना बोलले, तिकडे एवढी बाग केलीत, इथे हात हलत नाही का? ते बोलले, दमलोय. मी काय बोलले ठाऊक आहे? बोलले, बागेत बसून कोण दमतं."

मी गाडीचा वेग कमी केला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "नदीमला सांगू नकोस. त्याला त्याच्या डिग्रीची लाज वाटेल."

त्यानंतरचे दोन शनिवार त्या आल्या नाहीत. फोन केला तर म्हणायच्या, गुडघा दुखतोय. मी एकटीच जाऊन ट्रेमधली रोपं वाफ्यात लावली, शेडनेट ताणलं, पॅड धुतले आणि एका कोपऱ्यात फाडलेही. तिसऱ्या शनिवारी त्यांचाच फोन आला. "गाडी घेऊन ये."

वाफ्यावर पोचल्यावर त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची सावलीत ओढली आणि बसल्या. कुणाच्या पानांमागे बघितलं नाही, कुणाचं काही उपटलं नाही. मी खुरपं घेतलं तर म्हणाल्या, "ठेव ते. तू पण बस."

"खाला, तण केवढं वाढलंय बघा."

"वाढू दे. आज मी त्यांच्या वाटणीचं बसणार आहे. सोबत पाहिजे मला."

मी बादली उपडी घालून बसले. पहिला तास मला फार जड गेला. हात शिवशिवत होते, ऑफिसचे मेल आठवत होते. खाला मात्र बोलत होत्या. पहिल्यांदाच मला हसनमियाँ दिसायला लागले. उंचीनं कमी, पान खायचे, गाण्याचा आवाज चांगला, लग्नात घाबरून त्यांनी खालांचं नावच चुकीचं घेतलं होतं. साडेअकराला ऊन पायांवर आलं तेव्हा त्या उठल्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एकदा तरी मी विचारायला पाहिजे होतं, तुम्ही बसता कुठे त्या बागेत? सतरा वर्षं काकडीचंच विचारत राहिले."

एप्रिलमध्ये त्या गावी गेल्या. नदीमला वाईट वाटलं. आई कशावर नाराज झाली ते त्याला कळेना आणि मी कबूल केल्याप्रमाणे गप्प राहिले. विमानतळावर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, उन्हाळ्यात वाफा झाकून ठेव, मातीला झोपू दे. पुढच्या मोसमात त्या येतील असं आम्ही दोघींनीही बोलून दाखवलं. त्या आल्या नाहीत. गुडघा खरोखरच गेला होता. आता फोनवर बोलणं होतं, त्यांचं आणि माझं.

त्या गावी गेल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. शेखर घरी आला होता. शनिवारी सकाळी मुलगी झोपलेली, आम्ही दोघं टेबलाशी. वाफ्यावर जायला मी तयार होऊन बसले होते, किल्ल्या हातात. मी त्याला विचारलं, "तू तिकडे ड्यूटी संपल्यावर काय करतोस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय, ते सांग."

तो रुवैसला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत मी त्याला हे कधी विचारलं नव्हतं. जेवलास का, औषध घेतलंस का, एवढंच विचारत आले होते. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, काही झालंय का या अंदाजानं. मग कपाकडे बघत म्हणाला, "पार्किंगमध्ये गाडीत बसतो. एसी लावून. कधी अर्धा तास, कधी दीड. खोलीवर जावंसं वाटत नाही."

"आणि मला फोन करतोस ते?"

"तिथूनच. खोलीवर पोचलो म्हणून सांगतो."

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्याच्या कपात अजून चहा ओतला. त्या दिवशी वाफ्यावर जाणं झालं नाही. तो दुपारपर्यंत बोलत होता.