नानांनी बंद केलेला कूलर

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. नानांच्या मुलाने एवढंच सांगितलं, "काका, नाना गेले. सकाळी चहा घेतला, आणि..." फोन ठेवल्यावर डोळ्यांसमोर आला तो जळगावचा एक तापलेला मे महिना. तेव्हाचा आमचा आनंद आठवून त्या दुपारीही हसू आलं, हे कबूल करायला हवं.

नाना मूळचे दोंडाईचाचे. आमच्या जळगावच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवत, मी रसायन. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं, तेव्हा स्टाफरूममध्ये "नाना, निवृत्तीच्या आधी होईल ना?" अशी थट्टा चाले. विषय होता धातू-पॉर्फिरिन. केळीच्या पानातला हिरवा रंग आणि आपल्या रक्तातला लाल रंग यांची ही भावंडं, असं ते मुलांना सांगत. या संयुगांचे जांभळे स्फटिक मी तयार करायचो, मोजमाप त्यांचं. प्रकाश दुप्पट केला की परिणामही दुप्पट व्हावा, हे साधं गणित. प्रखर लेसरपुढे ही संयुगं ते गणित मोडतात, आणि त्यांचं द्रावण स्वतःच भिंगासारखं वागू लागतं. द्रावणाची काचेची कुपी झोतात मागे-पुढे सरकवायची आणि पलीकडे पोचणारा प्रकाश मीटरवर वाचायचा. आलेखात आधी टेकडी, मग दरी दिसली पाहिजे. टेबल हलू नये म्हणून नानांनी फरशीची लादी सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवली होती.

सहा वर्षांनी प्रबंध गेला, आणि परत आला. परीक्षकांचा शेरा होता : ही टेकडी आणि दरी संयुगाची नसून टेबलाच्या हादऱ्याची असावी, प्रत्यक्ष पाहून निर्णय देईन. म्हणजे नाही पटलं तर सहा वर्षं पाण्यात. त्यात लेसर पुण्याहून उसना आणलेला, महिनाअखेर परत करायचा. दुसरी संधी नव्हती.

परीक्षक आले त्या दिवशी बाहेर उभं राहवत नव्हतं. आमचे शिपाई दगडूआबा यांनी प्राचार्यांच्या खोलीतला कूलर उचलून प्रयोगशाळेच्या खिडकीत बसवला. पाहुणा घामाघूम झाला तर कॉलेजची काय शोभा राहील, असं त्यांचं म्हणणं. मोजमाप सुरू झालं. मी आलेखावर बिंदू मांडत होतो आणि ते वेडेवाकडे पडत होते. परीक्षक चष्मा काढून पुसू लागले. कूलरची घरघर लादीपर्यंत पोचतेय हे मला कळत होतं. पण पाहुण्यासाठी लावलेला कूलर बंद कसा करायचा? मी मान खाली घालून पुढचा बिंदू मांडला...

नाना उठले. "सर, माफ करा, पाहुणचार आणि मोजमाप दोन्ही एकदम जमणार नाही." आणि त्यांनी बटण बंद केलं. आबा हळहळले, "अहो नाना, साहेब भाजून निघतील!" परीक्षकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "निघू द्या. कुपी मी सरकवतो."

पहिल्या फेरीत टेकडी आली, मग दरी. नाना परीक्षकांकडे पाठ करून मीटर वाचत होते, मला हळूच अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, भाऊ." सगळं बरोबर आहे. दुसऱ्या फेरीत काटा एकदम वर चढला आणि तिथेच बसला. पाच आकडे सारखेच आले, तसे नाना मागे न वळताच म्हणाले, "सर, तुम्ही कुपी बदलली. यात नुसतं द्रावक आहे, आमचं संयुग नाही."

परीक्षक मोठ्याने हसले. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. आलेखाच्या कोपऱ्यात त्यांनी तिथेच सही केली. आबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो नानांनी आधी परीक्षकांना दिला. संध्याकाळी स्टाफरूमने नानांना खांद्यावर घेतलं. थट्टा करणारे सगळ्यांत पुढे.

परवा धुळ्याला वहिनींना भेटून आलो. बाहेरच्या खोलीत कूलर चालू होता आणि भिंतीवर तो आलेख, माझ्या हातच्या बिंदूंचा, वाऱ्याने फडफडत होता. वहिनी म्हणाल्या, "हे वाचायला बसले की आधी कूलर बंद करायचे. आम्ही भिजून जायचो, पण ऐकतील तर ना. तुम्ही येणार म्हणून आज लावला."

मी उठून बटण बंद केलं. कूलरचा पंखा हळूहळू थांबला. मग कागद भिंतीला टेकला, आणि टेकडी, दरी, कोपऱ्यातली सही, सगळं स्वच्छ वाचता आलं.