वलगाव: व्ही की डब्ल्यू

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. धुळीनं मशीन बिघडतं, असं सांगितलेलं होतं. बी.एस्सी.ला मी हा विषय घेतला तो वनस्पतीशास्त्राच्या जागा भरल्या म्हणून. सुरुवातीला काही कळलं नाही. मग एक दिवस मी लिहिलेल्या चार ओळींनी पडद्यावर पाढा छापला आणि बाकीच्या विषयांतलं माझं लक्ष उडालं. आपण चुकलो की मशीन थांबतं, सुधारलं की चालतं, मनात काही ठेवत नाही. माणसांचा असा अनुभव मला नव्हता.

घरी कपाशीची वर्षं लागोपाठ वाईट चालली होती. बाबा दर थोड्या दिवसांनी कुठल्या तरी मयताच्या घरी बसायला जाऊन येत आणि आल्यावर त्याबद्दल बोलत नसत. मला पुढचं शिकायला अकोल्याला जायचं होतं. बाबांनी एकदाच सांगितलं, “एका झटक्यात पास झाली त अकोला. एक जरी विषय राह्यला त घरी. मंग रडू नको.”

शेवटच्या वर्षाचे बाकीचे पेपर चांगले गेले होते, धास्ती प्रॅक्टिकलची होती. त्यासाठी मी एसटीचा प्रोग्राम केला होता. गावाचं नाव टाइप करा, गाडी कधी आणि कुठल्या फलाटावर ते कळेल. नाव इंग्रजी अक्षरांत टाकावं लागे, कारण आमच्या मशीनला दुसरी अक्षरं येत नव्हती. परीक्षक अकोल्याहून आले होते. त्यांनी उभ्याउभ्याच अचलपूर टाकलं. गाडी आली. मग वलगाव टाकलं. ‘असे गाव नाही.’

“वलगाव नाहीच म्हणते हे,” ते म्हणाले. “राती उठून गेलं काय कुठं?”

मागची पोरं हसली. मी पाहिलं, त्यांनी व्ही लावला होता.

“सर, डब्ल्यू लावा.”

“स्टँडवर येनाऱ्या माणसाले सांगशीन काय, डब्ल्यू लाव म्हणून? एसटीच्या पाटीवर डब्ल्यू, बँकेच्या पाटीवर व्ही. त्यानं काय करावं? बाकीच्या पोरायचं पाहून येतो. तवापर्यंत कर.”

भारनियमनात दुपारची लाइन जायची वेळ झालीच होती. शेजारची मैत्रीण कुजबुजली, “दोन्ही स्पेलिंगं टाकून दे ना वं. कायले डोकं लावतं?”

वलगावचं भागलं असतं. पण वरुड, वाठोडा, वडाळी? एकेक गाव किती वेळा लिहू? मी वलगाव हळूच मोठ्यानं म्हणून पाहिलं. कानाला दोन्ही एकच. म्हणजे मशीननं अक्षरं पाहायची नाहीत, कानानं ऐकल्यासारखं करायचं. जुळवण्याआधी दोन्हीकडच्या डब्ल्यूचा व्ही करायचा. जोडीनं आलेलं अक्षर एकदाच धरायचं, म्हणजे रिद्धपूर एका डीनं लिहिलं तरी सापडेल.

मी लिहीत सुटले. प्रोग्राम चालवला, तर चूक. अर्धविराम राहिला होता. तो लावेपर्यंत पंखा मंदावला आणि पडद्याच्या कडा आत ओढल्यासारख्या झाल्या. लाइन जाण्याआधी असंच व्हायचं. मी सेव्ह केलं आणि पडदा काळा झाला. सुधारलेला प्रोग्राम चालताना मी पाहिलाच नव्हता.

परीक्षक आले. “झालं काय?”

“लिहिलं सर. चालवता नाही आलं.”

“लाइन आता संध्याकाळी येईन. मले अकोल्याची गाडी आहे.” त्यांनी घड्याळ पाहिलं, मग खडू उचलला. “चाल, मशीन तू. मी गाव टाकतो.”

फळ्यावर त्यांनी व्हीनं वलगाव लिहिलं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत प्रोग्राम करील तसंच केलं. सापडलं. एका डीचं रिद्धपूर, तेही सापडलं. आता मागे कोणी हसत नव्हतं. मग त्यांनी परतवाडा लिहिलं, आर आणि टीच्या मधला ए गाळून.

मी हात उचलला आणि थांबले. ‘सापडलं’ म्हणता आलं असतं. मशीन बंद, खोटं पकडायला कोणी नाही. पण ते मशीननं म्हटलं नसतं.

“नाही सापडत सर.”

“काहून?”

“आपण पर्तवाडा म्हणतो, मधला ए गिळतो. मी गिळलेलं धरलंच नाही.”

“मंग काढून टाक सगळे ए.”

“मग दोन वेगळी गावं एक होतील सर. कोणता ए गिळला जातो ते आधी शोधावं लागेल.”

“आज होते?”

“नाही.”

त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि दाराशी बूट चढवताना म्हणाले, “पास आहेस. बाकीचे सारे ‘चालते, चालते’ म्हनून राह्यले मले. तू नाही म्हटलं. पन परतवाडा राह्यला तुया.”

संध्याकाळी मी गावी उतरले. बाबा फाट्यावर उभे होते.

“झालं काय?”

“झाली पास. परतवाडा राहिला फक्त.”

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. “परतवाडा कुठं जाते? तू अकोल्याचं पाह्य.”