सूर धरणारा

माझ्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली होती. सूर जुळवायला एखाददुसरं उघडं ठेवायचं, बाकी सगळी बंद. तिच्यातून एकच सूर निघायचा आणि तो मी पंधरा-सोळा वर्षं धरला. लग्नात, वास्तुशांतीला, जत्रेत देवळाच्या ओट्यावर. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वाजवायचा आणि मी शेजारी बसून सूर धरायचो. लोक दादाला म्हणायचे, काय वाजवता हो! माझ्याकडे बघून म्हणायचे, ह्यांचे गाल दुखत नाहीत का? दुखायचे. पण तोंडात सनई असताना सांगणार कसं?

आमच्या वडिलांनी आम्हा दोघांना शिकवलं. दादाच्या बोटांत चलाखी होती म्हणून त्याला वाजवायला बसवलं, माझ्या छातीत दम होता म्हणून मला सूर दिला. नाकानं श्वास ओढायचा आणि तेवढ्या वेळात गालात साठवलेली हवा सोडत राहायची, म्हणजे सूर तुटत नाही. ते जमलं त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "वाजवनारा थांबला तरी तू थांबायचं न्हाई. त्यो दम खाईल, घाम पुसंल, सनईच्या तोंडाची पत्ती बदलंल. त्याला परत यायला जागा पायजे." हा नियम मी कधी मोडला नाही. एकदा मांडवातली गांधीलमाशी मानेला चावली, तरी मी सूर सोडला नव्हता. त्याचा मला माज होता, हेही सांगितलं पाहिजे.

एका लग्नात, वाजवता वाजवता दादाच्या अंगावरून वारं गेलं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो आणि सूर धरून होतो. त्यात माझा दोष किती, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकण्याची हिंमत यायला अडीच वर्षं गेली.

नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. लग्नाला बँड आला होता, बँडच्या गाडीवर कर्णे आले होते, मांडवात कॅसेट लागायची. सनई सांगायची ती घरातल्या जुन्या माणसांच्या समाधानासाठी. तरी आम्हाला बोलावणं यायचं, कारण दादाचं नाव शेवगावपासून नेवाशापर्यंत होतं. ते लग्न घोडेगावच्या अलीकडच्या एका वस्तीवर होतं आणि ती माझी सासुरवाडी. माझ्या चुलत मेहुणीचं लग्न.

माझे सासरे चेष्टेखोर. माझ्या लग्नातच त्यांनी चारचौघांत विचारलं होतं, "आमचे जावई वाजवत्यात, का नुसतं फुकत्यात?" सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य सहा-सात वर्षं माझ्या पोटात होतं. म्हणून त्या सकाळी एसटीत मी दादाला म्हटलं, "आज एक चीज मला वाजवू दे. एकच."

मला वाजवायला येत होतं. दादाच्या शेजारी इतकी वर्षं बसून त्याच्या सगळ्या चिजा मला पाठ होत्या आणि घरी एकटा असताना मी त्याच्या सनईवर त्या वाजवून बघायचो. त्याला ते माहीत होतं.

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आन् सूर कोन धरंल? तुझा सासरा?"

पुढच्या बाकावरचे दोघं फस्सकन हसले. दादाच्या मनात वाकडं काही नव्हतं. संबळ वाजवायला चुलतभाऊ असायचा, पण सूर धरणारं आणखी माणूस आमच्यात नव्हतंच, तो खरं तेच बोलला. पण मला ते झोंबलं. उतरल्यावर सामान मी उचललं, चुलतभावाशी बोललो, दादाशी नाही.

मांडवात डाव्या कोपऱ्यात आमच्यासाठी जाजम अंथरलं होतं. दादा मांडवाच्या मेढीला पाठ टेकता येईल असा बसला, मी त्याच्या उजव्या हाताला. दहाच्या सुमाराला नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला. बँड त्याच्या पुढं गेला, बँडमागं सगळा पुरुषमाणूस गेला. मांडवात पाटावर बसलेल्या चार म्हाताऱ्या, पळणारी पोरं आणि मागं चुलवणापाशी आचारी, एवढेच उरले. आमचा चुलतभाऊ संबळाचं कातडं सैल पडलं म्हणून ते शेकायला चुलवणाकडे गेला. मांडव मोकळा ठेवायचा नाही म्हणून दादा हळूहळू वाजवत होता आणि मी सूर धरला होता.

मी डोळे मिटले होते. एरवी मी मिटत नसे. सूर धरणाऱ्यानं वाजवणाऱ्याकडे बघायचं असतं, त्याचा दम, त्याची मान. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून मिटले.

मग एक सूर घसरला. दादाचा सूर घसरलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो सावरायला गेला आणि परत घसरला, आणि सनई थांबली. सनई जाजमावर टेकल्याचा बारीक आवाज आला. हे सगळं मी ऐकलं. आणि मला बरं वाटलं. मोडला एकदाचा, असं मनात आलं. आता बसू दे दम खात, मी माझा सूर असा धरतो की सासऱ्याच्या मांडवाला कळू दे, नुसतं फुकणाऱ्याच्या जिवावर काय चालतं ते.

मी किती वेळ धरला ते सांगता येत नाही. पाच मिनिटं म्हणा, दहा म्हणा. म्हाताऱ्यांना वाटलं वाजंत्री चालू आहे, आचाऱ्यांना तेच वाटलं, संबळ शेकणाऱ्या आमच्या भावालाही तेच वाटलं. मी थांबलो असतो तर मांडव गप्प झाला असता आणि कुणीतरी वळून बघितलं असतं.

शेवटी सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांच्या हातातलं ताट वाजलं. "जावई, आवं जावई, तुमच्या दादांकडं बघा!"

दादा मेढीला कलला होता. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता, लाळ सदऱ्यावर आली होती, उजवा हात मांडीवरून सुटून जाजमावर पडला होता. डोळे मात्र उघडे होते आणि माझ्याकडे लागलेले होते.

जीपमधून नगरला नेलं. डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी एकटं गाठून विचारलं, दहा मिनिटं आधी निघालो असतो तर? ते म्हणाले, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता. भला माणूस होता. मी ते वाक्य घरी आणलं, बायकोला सांगितलं, वहिनीला सांगितलं. स्वतःला रोज सांगायचो.

पुढं मी वाजवू लागलो. सूर धरायला माणूस मिळेना, मग पुण्याहून विजेची सूरपेटी आणली. बटण दाबलं की सूर सुरू, दम लागत नाही आणि चहा मागत नाही. सासऱ्यांनी एका लग्नात माझं वाजवणं ऐकलं, मान हलवली, चेष्टा केली नाही. ज्याच्यासाठी इतका जळलो होतो ते मिळालं आणि मी पंगतीतून अर्ध्यावर उठलो.

दादा घरी खाटेवर. बोलणं परत आलं, पण थोडं आणि जड. एकेका शब्दासाठी त्याला थांबावं लागायचं. डाव्या हातानं तो आपलं कसंबसं करायचा. उजवा हात तसाच पडलेला, त्याची नखं मात्र वाढायची. दर आठ-पंधरा दिवसांनी मी ती कापायचो. वहिनी कापायला गेली तर तो मान हलवून नको म्हणायचा, माझ्याकडे खूण करायचा. असं का, हे मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी वहिनी शेतात होती आणि मी नखं कापत होतो. तीन बोटं झाली होती. काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेलो, "दादा, त्या दिवशी तुझा सूर घसरल्याला मला कळलं हुतं. सनई टेकल्याली बी कळली हुती. मी मुद्दाम डोळं उघडलं न्हाईत."

तो आढ्याकडे बघत होता. मला वाटलं त्याला नीट कळलं नसावं. खरं सांगायचं तर तसं वाटून हायसं वाटलं.

मग तो म्हणाला, "ठाऊक हाय."

मी खाली बघत राहिलो. त्याचा पुढचा शब्द जुळत होता, ओठ हलत होते. मध्येच त्याला सोडवून द्यावं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगावं, असं वाटलं. पण मी त्याचं बोट धरून थांबलो.

"दवाखान्याचं न्हाई," तो म्हणाला. परत थांबला. "लई भ्या वाटलं. हाक येईना. म्हनलं... तू बघशील."

डॉक्टरांचं वाक्य मी अडीच वर्षं जपलं होतं, ते त्या क्षणी फुकट गेलं. दादा दवाखान्याची वाट बघतच नव्हता. हातभर अंतरावर त्याचा सख्खा भाऊ बसला होता आणि त्यानं एकदा मान वळवावी, एवढ्यासाठी तो माझ्याकडे बघत राहिला होता. मी रडलो. माफी मागितली नाही, मागण्यासारखं तोंडच राहिलं नव्हतं.

त्याचा हात अजून माझ्या हातात होता. त्याच्या मनात राग असता आणि तो हात ओढून घ्यावा असं त्याला वाटलं असतं, तरी तो त्याला हलवता येत नव्हता. मी उरलेली दोन नखं कापली.