अक्का चाचणीला बसल्या तेव्हा

शालनअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मला वाटलं, कॅन्सरच उलटला. पण त्यांचा मुलगा सुनील फोनवर म्हणाला, “न्हाई काकू, हृदय बंद पडलं... शिलाई मशीनवर बसल्या बसल्या.” कॅन्सरला अक्कांनी कधीच मागं टाकलं होतं.

कागलात आमच्या शेजारीच त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान. काही वर्षांपूर्वी स्तनात वाटाण्याएवढी गाठ निघाली. लवकर सापडली, ऑपरेशननं बऱ्या व्हाल, असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि पुण्यात चाललेल्या एका नव्या उपचाराच्या चाचणीचीही माहिती दिली. न कापता, बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून गाठ तापवून मारायची. काही आठवड्यांनी ऑपरेशन करायचंच, आणि काढलेली गाठ खरंच मेली का ते तपासायचं.

सुनील भडकला. “आई म्हंजे काय उंदीर हाय व्हय?”

अक्कांनी पुण्याच्या डॉक्टरांनाच सरळ विचारलं, “ह्यात माझा काय फायदा?”

“कदाचित काहीच नाही. पुढच्या बायकांचा होईल.”

बाहेर येऊन अक्का म्हणाल्या, “खरं बोलला. सही करतो मी.”

उपचाराच्या दिवशी मी सोबत होते. आत जाताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. त्या भ्यायल्या होत्या, पण गेल्या. पालथं, अजिबात न हलता पडून राहायचं होतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “आत एकाच जागी इस्त्रीचा चटका बसल्यागत झालं... पर हललो न्हाई.”

ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. तपासणीत मात्र दिसलं की ती बरीचशी मेली होती, पण एका कडेला जिवंत पेशी उरल्या होत्या. माझं मन खट्टू झालं. डॉक्टरांचाही चेहरा उतरला होता. अक्काच त्यांना म्हणाल्या, “तोंड पाडू नकासा. कड राहती हे कळलं न्हवं? आता पुढचीला कडंपर्यंत शेका की!”

त्यानंतर माप घेताना त्या प्रत्येक बाईला स्तनांच्या तपासणीचं विचारू लागल्या. कुणी लाजली तरी सोडायच्या नाहीत.

आता दुकानात त्यांची सून रूपाली बसते. परवा मी ब्लाउजपीस घेऊन गेले. छातीभोवती टेप धरता धरता ती थांबली आणि थेट अक्कांच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “काकू, यंदा तपासून आलासा? न्हाई? मग माप मागनं. आधी जावा!”

कापड तिथंच ठेवून मी रिक्षा बघायला बाहेर पडले.